मुजफ्फरभाईंची बाजारातली फेरी

बाभुळगावचे मुजफ्फरभाई फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरत आणि चालताना तोल जाई. शेजारचा किराणावाला कपिल गावभर सांगत सुटला, “मुजफ्फरभाई दारू पेऊन राह्यला.” गिऱ्हाईक तुटलं.

ऐन फवारणीत कपिलच्याच शेतावरचा पंप बंद पडला. दुसरा कारागीर थेट यवतमाळला. कपिल पंप घेऊन आला तसे मुजफ्फरभाई म्हणाले, “आधी माहा हात धर अन् बाजारभर फिरव मले. दुकानादुकानात सांग, हा बिमार हाये, दारुडा नाही.”

कपिलने मान खाली घालून प्रत्येक दुकानात सांगितलं. परतल्यावर मुजफ्फरभाईंनी पंप न उघडता तसाच त्याच्या पुढ्यात सरकवला.

“आता यवतमाळले ने.”

घास सांडत होता, तरी त्या दिवशी ते पोटभर जेवले.