मेघबनच्या मागची पायवाट

माणिकबाई खलोकार लग्न होऊन अंजनगावाकडून घाट चढून चिखलदऱ्याला आल्या, तेव्हा माहेरी सगळे हळहळले होते. पोरगी धुक्यात नेऊन टाकली म्हणे. त्याला आता बेचाळीस वर्षं झाली. त्याच माहेरचे भाचे हल्ली दर पावसाळ्यात दोन गाड्या भरून येतात, घाटात तीन तास अडकतात, आणि वर पोचल्यावर हॉर्न वाजवतच विचारतात, "आत्या, इथं शांतता कुठीसा भेटते?"

"तुमी यायच्या आंधी होती," माणिकबाई सांगतात आणि चहा टाकतात.

त्यांचा नवरा सहदेव सरकारी विश्रामगृहात माळी होता. साहेबांच्या गुलाबांना खत घालता घालता त्याने स्वतःची अर्धा एकर उतरती जमीनही वाफे पाडून उभी केली. तो गेला त्याला नऊ वर्षं झाली. वाफे माणिकबाईंनी चालवले. हिवाळ्यात स्ट्रॉबेरी, बाकी वर्षभर मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, पालक. रस्त्याच्या वळणावर टोपली घेऊन बसायचं, दुपारपर्यंत घरी. मुलगा गोपाल अकोल्याला कृषी विद्यापीठात कारकून. तो दर आठवड्याला फोन करून आईला खाली बोलावतो आणि आई दर आठवड्याला अकोल्याचं तापमान विचारते. त्रेचाळीस म्हटलं की विषय संपतो.

या जमिनीच्या खालच्या अंगाला एक झिरा होता. कातळातून बोटभर पाणी यायचं, पण बारा महिने यायचं. वाफे त्यावर, घरचं पिणं त्यावर, शेजारच्या पार्बताबाईच्या दोन म्हशी त्यावर.

मग गावाचा विकास झाला.

विकास सगळ्यांत आधी माणिकबाईंच्या कुंपणाला लागून झाला. एका सकाळी पिवळं यंत्र आलं आणि टेकडीचा खांदा कापून सपाट करून गेलं. जांभळाची सात, हिरड्याची चार आणि आंब्याची दोन झाडं गेली. तिथे 'मेघबन रिसॉर्ट' उभं राहिलं. फाटकावर लिहिलं होतं, 'निसर्गाच्या कुशीत.' खोल्यांना नावं दिली होती जांभूळ, हिरडा आणि आम्रवन. गेलेल्या झाडांची एवढी आठवण ठेवणारी माणसं माणिकबाईंनी आजवर पाहिली नव्हती, आणि तसं त्या पार्बताबाईला म्हणाल्याही.

दुसऱ्या उन्हाळ्यात झिरा आटला. मेघबनने बोअर मारली होती, पोहण्याच्या तलावाला पाणी लागतं. माणिकबाई टँकरमागे घागर घेऊन उभ्या राहू लागल्या. पावसाळा लागला आणि झिऱ्याखालचा नाला पुन्हा वाहायला लागला, म्हणून त्या आनंदाने खाली उतरल्या, तर पाण्यावर पांढरा फेस आणि वासाने डोकं भणभणलेलं. भिंतीच्या मागच्या झुडपांतून एक जाड काळा पाइप नाल्यात तोंड खुपसून पडला होता. निसर्गाच्या कुशीत तो असा निवांत होता.

त्यांनी अर्ज दिला. एका कचेरीने तो दुसरीकडे पाठवला, दुसरीने पाइप कुठल्या विभागात मोडतो असं विचारलं. तिसऱ्या ठिकाणी एक सज्जन बाबू म्हणाला, "काकू, पाहणी होईल." पाहणीला आलेले साहेब मेघबनमध्ये जेवले, गच्चीवरून दरी पाहिली, आणि दरी जागेवर असल्याची खात्री करून परत गेले. त्या वर्षी पार्बताबाईने म्हशी विकल्या. माणिकबाईंनी खालचे सहा वाफे ओसाड टाकले, कारण त्या पाण्यावरची मेथी लोकांना खाऊ घालायला त्यांचं मन धजेना. मेथी दिसायला फार सुंदर आली होती.

मेघबनचा मॅनेजर शार्दूल नावाचा पुण्याचा तरुण होता. बोलायला गोड, कपडे इस्त्रीचे. नोव्हेंबरात तो एका दुपारी चक्क माणिकबाईंच्या ओट्यावर येऊन बसला.

"काकू, आमच्या पाहुण्यांना काहीतरी ऑथेंटिक हवं असतं," तो म्हणाला. "म्हणजे अस्सल. रोज सकाळी तासभर तुम्ही त्यांना आसपास फिरवून आणायचं. झाडं, पानं, जुन्या गोष्टी. आम्ही त्याला 'मातीशी नातं' असं नाव दिलंय."

"माह्याशीच काहून?"

"तुम्ही इथल्या आहात ना. गाइड मुलं आहेत, पण ती सगळी मोबाइलवर पाठ करून बोलतात."

माणिकबाईंनी थोडा वेळ त्याच्या इस्त्रीकडे पाहिलं. "मी जे हाये थेच दाखवीन. खोटं मले जमत नाई."

"तेच तर हवंय, काकू," शार्दूल म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

गोपालने फोनवर डोकं धरलं. "आई, त्यायनंच झिरा आटवला अन् तू त्यायच्याच कामाले चालली?"

"मले फाटकाच्या आतून तं जाऊ दे. तीन वर्षं बाहेरून पाहून राहिली मी."

पहिल्या दिवशी त्यांना नऊवारी, नथ आणि डोक्यावर ठेवायला रिकामी टोपली देण्यात आली. साठ वर्षांत त्यांनी नऊवारी नेसली नव्हती आणि रिकामी टोपली डोक्यावर घेऊन फिरण्याइतका वेळही त्यांना कधी मिळाला नव्हता. नथ त्यांनी परत केली. लुगडं नेसल्या, कारण अस्सल दिसण्याचे नियम पुण्याला ठरले होते.

आणि गंमत अशी की हे काम त्यांना आवडलं. हिरडा चघळायला देऊन पाहुण्यांची तोंडं वाकडी झालेली बघणं, कॉफीची लाल फळं सोलून दाखवणं, अस्वलाने उकरलेलं वारूळ दाखवताच चार मोठ्या माणसांनी एकमेकांमागे लपणं. शहरातल्या माणसांनी कान देऊन ऐकावं, असं आपल्याला काही माहीत आहे हे सहदेवने कधी सांगितलं नव्हतं, त्यालाही ते माहीत नसावं. तीन आठवडे त्यांनी वरच्याच वाटेने लोकांना नेलं. खाली नेलं की हे काम जाणार हे त्यांना कळत होतं. चौथ्या आठवड्यात घरी बसून लुगड्याच्या घड्या घालताना त्यांना स्वतःचाच राग आला. आपणही फेस दिसणार नाही अशा वाटेने चालायला लागलो, असं त्या पार्बताबाईला म्हणाल्या. तिच्या गोठ्यात आता जळण भरलेलं होतं.

त्या रविवारी चौदा पाहुणे होते. त्यांत अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या दामिनी मॅडम होत्या. जांभूळ खोलीत उतरल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मावशी, रिसॉर्टमध्ये जांभळाचं झाड कुठं आहे? दिसलं नाही."

"तुमी ज्या पलंगावर झोपल्या, तिथंच होतं."

लोक हसले. दामिनी हसल्या नाहीत. "आणि एवढ्या खोल्यांचं पाणी जातं कुठं?"

माणिकबाईंनी डोक्यावरची रिकामी टोपली काढून खाली ठेवली. "पाह्यचं हाये? वाट उतरती हाये, चप्पल जपून."

भिंतीच्या मागून, झुडपांतून, जुन्या पायवाटेने त्यांनी सगळ्यांना खाली उतरवलं. अर्ध्या वाटेवरच रुमाल निघाले. पाइपापाशी पोचल्यावर माणिकबाईंनी झाडांसारखीच त्याचीही ओळख करून दिली. आवाज जराही चढवला नाही.

"हे तुमच्या आंघोळीचं. हे दाट हाये थे दुसरं. सकाळी आठ ते दहा जोर असते, म्हणजे आता तुमाले बरोबर टाइमावर आनलं. अन् हा कातळ, इथून आमी पानी पीत होतो. तिकडचे सहा वाफे माहे होते."

एक लहान मुलगी म्हणाली, "आई, आपलं आहे हे?" तिच्या आईचा फोन आधीच वर गेला होता. मग सगळेच फोन वर गेले.

तीन कचेऱ्यांना दोन वर्षांत जो पाइप सापडला नव्हता, तो दुपारच्या जेवणापर्यंत नागपूर, अकोला आणि थेट पुण्यालाही दिसला. मेघबनच्या इंटरनेटवरच्या पानावर लोकांनी एकेक तारा देऊन खाली फोटो चिकटवले. दामिनींनी बाटलीत पाणी भरून नेलं आणि प्रयोगशाळेचा अहवाल नावासकट टाकला. पुढच्या दोन शनिवारच्या खोल्या रिकाम्या गेल्या. तेव्हा कुठे मालकांना पर्यावरणाची तळमळ लागली.

शार्दूलने माणिकबाईंना ऑफिसात बोलावलं. तो रागावला नव्हता, थकलेला होता.

"काकू, तुम्ही मला आधी सांगायचं ना."

"सांगतलं होतं बाबू. अर्जाची एक प्रत तुमच्या फाटकावर देल्ली होती. शिक्का हाये तुमचा."

शार्दूलने मान खाली घातली. फाटकावर येणारे कागद कुठे जातात हे त्यालाही ठाऊक नव्हतं. "उद्यापासून वॉक बंद आहे," तो म्हणाला.

माणिकबाईंनी लुगडं पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. धुऊन, घडी घालून आणलं होतं.

दीड महिन्यात सांडपाण्याची टाकी बांधून झाली, जिथे मिनी गोल्फ होणार होतं तिथे. पाइप निघाला. लगेच फाटकावर हिरवी पाटी लागली, 'चिखलदऱ्याचं पर्यावरणस्नेही रिसॉर्ट', आणि उद्घाटनाला तेच पाहणीवाले साहेब आले. पार्बताबाईलाही बोलावलं होतं. माणिकबाईंचं नाव यादीत राहून गेलं.

बोअर मात्र तशीच आहे. मार्चात झिरा पुन्हा आटला, त्याच्यावर कुणाचा फोन वर गेला नाही, कारण न येणाऱ्या पाण्याचा फोटो कसा काढणार. गोपालच्या आग्रहाखातर माणिकबाई मे महिन्यात अकोल्याला आठ दिवस राहून आल्या. गच्चीवरून त्यांना समोर अकरा नवे बांधकामाचे सांगाडे दिसले. परतताना एसटीत शेजारच्या बाईला त्या म्हणाल्या, "तिथं निदान कोनी निसर्ग म्हनून सांगत नाई."

आता रविवारी अधूनमधून त्यांच्या टोपलीपाशी कोणीतरी थांबतं. पाइप दाखवणाऱ्या मावशी तुम्हीच का, असं विचारतं. पाइप गेला हे ऐकून काहींचा विरस होतो. स्ट्रॉबेरी घेतली नाही तरी चालेल, पण वेळ आहे का, असं माणिकबाई विचारतात. असला तर पदर खोचून उठतात आणि पलीकडच्या उतारावर नेतात. तिथे अलीकडे चुन्याच्या रेषा पडल्या आहेत आणि झाडांच्या बुंध्यांवर लाल आकडे आले आहेत.

"पाहून घ्या," त्या सांगतात. "अजून उभे हायेत."