पहिल्या ओळीतला श्री

आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चप्पल घालून जायचं नाही, असा नियम आहे. त्यामुळे दाराबाहेर चपलांचा ढीग साठतो. आत तसेच किस्से साठतात. तास संपला की प्रत्येक जण आपली चप्पल शोधून घेऊन जातो, किस्से मात्र तिथंच राहतात. मी वर्गात फारसं बोलत नाही, पण ऐकते सगळं. माझ्या वर्गातली रोहिणी म्हणते, "बोलत न्हाईस तर लिही तरी!" म्हणून हे नव्या कंपायलरच्या दिवसांतले किस्से.

*

कंपायलर म्हणजे दुभाषी. आपण लिहिलेला प्रोग्राम तो मशीनला समजावून सांगतो. आमच्या लॅबमधला दुभाषी फार म्हातारा झाला होता. साळुंके सर कॉलेजात त्याच्यावरच शिकले आणि आम्हाला त्याच्यावरच शिकवत होते. शेवटी त्यांनी नवं व्हर्जन टाकायचं ठरवलं.

घाईचं कारण शेजारच्या खोलीत होतं. पोषण आहाराचा तांदूळ तिथं मावेना. शाळेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांची नजर आमच्या लॅबवर पडली होती. पोती हळूहळू आमच्या मागच्या भिंतीला येऊन टेकायला लागली होती.

"सर, तांदूळ पोरं रोज खातेत," आबा म्हणाले होते. "तुमचं कॉम्प्युटर कोण खातंय? चालत असलं तर ठेवा, न्हाईतर खोली मोकळी करा."

म्हणून नवं व्हर्जन टाकायच्या दिवशी सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. उदबत्ती लावली, प्रत्येक कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं आणि लॅबच्या आतच नारळ फोडला. इन्स्टॉल पूर्ण झालं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात रोहिणीने, तांदळाच्या पोत्यावर बसून!

*

खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर पहिलाच प्रोग्राम अडकला. प्रत्येक ओळीला एकच तक्रार : शेवटी अर्धविराम नाही.

"नवं व्हर्जन लई कडक हाय," सर म्हणाले. त्यांनी नेटवर शोधलं, सेटिंग बदलल्या, सगळं काढून पुन्हा टाकलं. तरी तेच.

माझ्या शेजारी अस्मा बसते. तिने हात लांब करून अर्धविरामाचं बटण दाबून पाहिलं. ते खाली गेलं आणि तिथंच बसलं! आत नारळाचं पाणी आणि कुंकू यांचा छान लगदा झाला होता.

सरांनी बटण उचकटलं, कापसाने पुसलं आणि गंभीरपणे म्हणाले, "लिहून घ्या रे. ट्रबलशूटिंगची पहिली पायरी : आधी आपण काय सांडलं ते बघावं."

*

एकदा रोहिणीच्या चार ओळींच्या सरावात एक कंस राहिला. कंपायलरने लाल ओळींनी अख्खा स्क्रीन भरून टाकला.

"एका कंसापायी एवढं?" ती भडकली. "आमची आई ऊसतोडीवरून फोन करती ना, तसं हाय हे! 'डबा घासला का?' इथून सुरू करती अन् मी दुसरीत असताना फोडलेल्या बरणीपर्यंत जाती!"

सरांनी विचारलं, "मग तू काय करतीस?"

"डबा घासला म्हणते. मग बाकीचं ती आपोआप सोडून देती."

"तेच कर."

रोहिणीने कंस टाकला. सगळ्या लाल ओळी गेल्या! तेव्हापासून आमच्याकडे पहिली चूक दुरुस्त करण्याला 'डबा घासणे' म्हणतात. आठवीची मुलंसुद्धा एकमेकांना ऐकवतात, "रडतो कावून बे? डबा घास की!"

*

पण एक दुखणं डबा घासूनही जाईना. जवळजवळ सगळ्यांचे जुने प्रोग्राम नव्या कंपायलरवर कोसळत होते. त्यात चूक शोधून सापडत नव्हती. नेमके त्याच दिवशी आबा आले.

आबा लॅबमध्ये येतात ते बूट घालूनच. पांढरे, करकर वाजणारे. नियम त्यांना कोण सांगणार? त्यांनी स्क्रीन पाहिला. लाल ओळी झरझर वर सरकत होत्या.

"वा!" आबा खूश झाले. "एवढं भराभरा इंग्रजी लिहितंय. चालतंय की!"

सरांनी नुसता घसा खाकरला. कुणी काही बोललं नसतं तर लॅब त्याच दिवशी वाचली असती. पण रोहिणी!

"आबा, ह्या समद्या चुका हायत!"

आबांनी आमच्याकडे पाहिलं, मग पोत्यांकडे पाहिलं. "तांदळाची पुढची गाडी इथंच उतरवू," असं म्हणून ते करकर वाजत निघून गेले.

*

सगळ्यांचे प्रोग्राम पडत होते, असं मी लिहिलं. पण अस्माचे पडत नव्हते.

"तुझं कावून चालतंय गं?" रोहिणी तिच्या मागेच लागली. "काय केलंस?"

"काही नाही. तुझंच उतरवलंय मी," अस्मा म्हणाली.

ते खरं होतं. मी दोघींचे प्रोग्राम शेजारी शेजारी उघडले आणि ओळीवर बोट ठेवत खाली गेले. सगळं सारखं. फरक फक्त पहिल्या ओळीत होता.

सरांची शिस्त अशी, की छोटा सराव सोडला तर वहीच्या पानावर लिहितो तसं प्रोग्रामच्याही पहिल्या ओळीत ॥ श्री ॥ लिहायचं. आधी दोन तिरप्या रेघा दिल्या की ती ओळ फक्त माणसांसाठी असते, कंपायलर ती सोडून देतो. अस्मा तिथं तिच्या घरच्या पद्धतीने इंग्रजी आकड्यांत 786 लिहायची. नवा कंपायलर मात्र पहिली ओळ चोरून बघायचा! तिच्यावरून फाइल कोणत्या लिपीत आहे याचा अंदाज बांधायचा, आणि तिथं मराठी दिसलं की पुढचं सगळं चुकीचं वाचायचा.

रोहिणीने श्री दुसऱ्या ओळीत नेला आणि वर 786 टाकलं. प्रोग्राम पळाला! मग काय, संध्याकाळपर्यंत अख्ख्या लॅबच्या डोक्यावर 786 आणि त्याच्याखाली श्री. एकही लाल ओळ नाही!

*

सर आनंदाने आबांना सांगायला गेले. आम्ही दाराबाहेर उभ्या होतो.

"आबा, चालायला लागलं! फक्त श्री पहिल्या ओळीत लिहायचा न्हाई. दुसऱ्या ओळीत चालतो."

आबांनी चहाची बशी खाली ठेवली. "दुसऱ्या ओळीत? सर, लग्नपत्रिकेत श्री दुसऱ्या ओळीत छापतेत का?"

"तसं न्हाई आबा, पण मशीनला..."

"तांदूळ तरी कुणाला श्री खाली सरकवायला लावत न्हाई!"

*

आता एकच मार्ग होता. कंपायलर बनवणाऱ्यांनाच कळवायचं. ते कुठल्या देशात बसतात हेही आम्हाला माहीत नव्हतं, पण त्यांच्या वेबसाइटवर तक्रार लिहायची जागा होती. सरांनी इंग्रजीत सुरुवात केली : आदरणीय महोदय, सविनय विनंती अर्ज करतो की. पुढे शाळा, तालुका, जिल्हा आणि शेवटी 'आपला विश्वासू'. खाली मुख्याध्यापकांचा शिक्का कसा मारायचा, एवढ्यावरच अडलं होतं.

मी हळूच म्हणाले, "सर, मी लिहू का?"

मी एवढंच लिहिलं : या दोन फाइल आहेत. फरक फक्त पहिल्या ओळीत आहे. एक चालते, दुसरी चालत नाही. जुन्या व्हर्जनवर दोन्ही चालत होत्या.

"एवढंच?" सर घाबरले. "साधा नमस्कार बी न्हाई? राग येईल की त्यांना!"

राग आला नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. चूक त्यांचीच होती, आणि आमच्या दोन फाइलमुळे ती लगेच सापडली होती. शेवटी एक प्रश्न होता : या पहिल्या ओळी कशासाठी असतात?

मी मधली सुट्टी संपेपर्यंत विचार केला. मग लिहिलं, "काम सुरू करण्याआधी मी एक लिहिते, माझी मैत्रीण दुसरी लिहिते. कंपायलरसाठी त्या नाहीत."

त्यावर एका ओळीचं उत्तर आलं : "आता आमच्यासाठी आहेत."

त्याचा अर्थ नवं व्हर्जन आल्यावर कळला.

*

तांदळाची गाडी फाटकात उभी होती. हमालांनी पहिलं पोतं पाठीवर घेतलं होतं. यावेळचा नारळ सरांनी लॅबच्या बाहेर, पार पायरीखाली फोडला होता. आबा बूट वाजवत आत आले.

"हं, दाखवा. श्री कुठल्या ओळीत हाय?"

रोहिणीने प्रोग्राम चालवला. पहिल्या ओळीत श्री आणि एकही लाल ओळ नाही. आबांनी मान हलवली, पण नजर दारातल्या पोत्याकडेच होती.

तेव्हा सरांनी दुसरी फाइल उघडली. ती आमची नव्हती, कंपायलर बनवणाऱ्यांच्या वेबसाइटवरची होती. पहिल्या ओळीत ॥ श्री ॥. तिच्या शेजारी आणखी एक फाइल, पहिल्या ओळीत 786. अस्माने माझा हात घट्ट धरला.

"हे त्यांच्याकडं कसं गेलं?" आबांनी विचारलं. "कुणी केलं हे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी."

"मोठ्यानं बोल की पोरी. तांदळाच्या गाडीचा आवाज येतोय."

"मी केलं, आबा! व्हर्जन बाहेर काढायच्या आधी ते दर वेळी ह्या दोन फाइल चालवून बघतात. ह्या चालल्या नाहीत तर ते व्हर्जन जगात कुणालाच मिळत नाही."

आबांनी स्क्रीनवरच्या श्रीवर बोट ठेवलं.

"म्हंजे श्री झाल्याबिगर त्यांचं बी काम सुरू व्हत न्हाई?"

"नाही, आबा."

आबांनी खाली, स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग वळले आणि करकर वाजत बाहेर गेले. सरांचा चेहरा उतरला. रोहिणी पुटपुटली, "गेली लॅब!"

बूट वाजायचे थांबले. दारात आबा वाकले होते. त्यांनी दोन्ही बूट काढले, आमच्या चपलांच्या ढिगाशेजारी नीट जोडून ठेवले आणि मोज्यांवर आत आले.

"हं," ते म्हणाले, "आता पहिल्यापासून दाखव."