कमलताईंनी न तपासलेली तारीख

हिंगण्याच्या कंपनी बसमध्ये कमलताई पराते माझ्या शेजारी बसत, आणि बसल्याबसल्या मोबाइल माझ्या नाकासमोर धरत. "नंदे, हे पाह्य वं. खरं का खोटं?" मोबाइलवर तारीख असे. आकाशात उडणाऱ्या, अंगाला चिकटलेले कपडे घालणाऱ्या वीरांच्या एका इंग्रजी पिक्चर-मालिकेचा शेवटचा भाग कधी लागणार, याची रोज नवी बातमी. पन्नाशी उलटलेली बाई, पॅकिंगमध्ये काम करणारी, आणि हे वेड! मला त्या वीरांशी काडीचं देणंघेणं नव्हतं. पण बसचा प्रवास लांबचा आणि खिडकी त्यांच्याकडे, मग काय करता!

संशय त्यांच्या हाडीमाशी खिळला होता. माहेर उमरेडच्या विणकरांचं. लुगडं हातात आलं की आधी उलट्या बाजूनं पाहायचं, ही लहानपणची सवय. दूधवाला, शिंपी, कंपनीची सुट्टीची नोटीस, सगळं त्या उलटं करून पाहात. "समोरून सगळंच चांगलं दिसते," म्हणायच्या. मी बांधलेला खोकाही एकदा हलवून पाहात, आणि मी चिडले की म्हणत, "तुह्यावर नाही वं, खोक्यावर शक आहे."

नवरा लवकर गेला. एकच मुलगा, पंकज. शाळेत असताना तो सीताबर्डीच्या फुटपाथवरून याच वीरांची जुनी कॉमिक्स आणायचा आणि रात्रीच्या भाकरी होईस्तोवर आईला गोष्ट समजावून सांगायचा. नवा भाग लागला की मायलेकांनी पहिल्या दिवशी पहिला शो गाठायचा, हा त्या घरचा नेम. रजा मिळाली नाही तर कमलताईंचं खुशाल पोट दुखायचं. पंकज नोकरीसाठी कॅनडाला निघाला तेव्हा विमानतळावर म्हणाला, "आई, शेवटचा पार्ट तुह्यासंगच पाहीन. लागला की मी आलोच समज."

आणि मेलं ते पिक्चर लागेचना! तारीख जाहीर व्हायची, पुढे ढकलली जायची, आणि तिच्याबरोबर पंकजची सुट्टीही पुढे सरकायची. कमलताईंना यात पिक्चरवाल्यांचा डाव दिसायचा. "मुद्दाम करून राहिले हे. जे आधी घडलं ते नंतर दाखवते, नंतरचं आधी. मागच्या पार्टात तो आरसेवाला हिरो मेला, अन् याच्यात पुन्हा जवान होऊन आला. ह्यांच्या घरी कॅलेंडर नाही काय?"

"अहो ताई, ही त्याच्या मरणाआधीची गोष्ट आहे."

"मग मले रडवलं काहून?"

मी इतकी हसले की सारी बस मागे वळून पाहू लागली.

शेवटी एकदाची तारीख पक्की झाली. चौकाचौकात पोस्टरं लागली. तरी कमलताई स्वतः थिएटरात गेल्या, तिकीट खिडकीवरच्या माणसाला भंडावून सोडलं आणि पहिल्या शोची दोन तिकिटं घेऊन आल्या. पंकजला कळवलं नाही. त्याचं तिकीट आधीच काढलेलं पाहून तो कसा उड्या मारेल, हेच मला दिवसभर सांगत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये त्याचा फोन आला. कमलताई फोन नेहमी स्पीकरवर घेत. कानाला लावलं की अर्धं गाळून ऐकू येतं, असा त्यांना संशय होता.

"आई, पिक्चर परत पुढे गेलं. इकडे बातमी आहे. आता दिवाळीनंतर लागन. मग मीही तेव्हाच येतो ना."

बस सिग्नलला उभी होती. खिडकीबाहेर त्याच पिक्चरचं भलंमोठं पोस्टर, तारखेसकट. मी कमलताईंकडे पाहिलं. आता ही बाई पोराला उलटा करून पाहणार!

"हव का?" कमलताई म्हणाल्या. "जाऊ दे बाप्पा. जेवला का तू?"

फोन बंद झाल्यावर मी उसळले. "ताई, सरळ थाप मारून राहिला तो! बोलल्या काहून नाही?"

"समजते मले." त्यांनी पर्सची चेन ओढली. "पकडलं तर तो शरमिंदा होईन. मग तारीखच नाही देणार. आता निदान तारीख तर देते."

त्या पोराचा असा संताप आला मला! समोर असता तर कान पिळला असता.

दुसऱ्या तिकिटावर मी गेले. पिक्चर संपलं, नावं सरकू लागली, लोक उठले. कमलताई हलेनात. "थांब वं. शेवट म्हणते, अन् मागून तुकडा दाखवते." या वेळी तुकडा नव्हता. झाडूवाली आली तरी त्या रिकाम्या पडद्याकडे पाहात बसल्या होत्या. मीच हात धरून उठवलं.

पंकजचा फोन पुढच्या सकाळी, बसमध्येच. त्यानं विचारायच्या आधीच कमलताई म्हणाल्या, "अन् ते पिक्चर नाही लागलं रे अजून. इथेही सगळे दिवाळीनंतरच म्हणून राहिले." मी दुसरीकडे तोंड फिरवलं. मला रडू आलं होतं.

दिवाळी आली, गेली. मग संक्रांतीनंतर म्हणाला, मग होळीनंतर.

निवृत्त झाल्या त्या दिवशी जरीपटक्याच्या थांब्यावर उतरता उतरता कमलताईंनी सवयीनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. पंकजचा मेसेज होता, उन्हाळ्यात नक्की येतो म्हणून. मी वाचला आणि त्यांच्याच तोंडचं त्यांना ऐकवलं, "खरं का खोटं?"

त्यांनी मोबाइल पर्समध्ये टाकला.

"विचारलं नाही वं तुले. दाखवलं," म्हणाल्या, आणि खाली उतरल्या.