लाडवात रम किती, ते कोण सांगणार?

आमच्या सासूबाई लाडू वळायला बसल्या की डोंबिवली पूर्वेतले रिक्षावाले न मागता सुटे पैसे परत करायचे. तिसऱ्या मजल्यावरून बेसन भाजल्याचा वास खाली उतरायचा आणि माणसांची मनं नको तितकी चांगली व्हायची. मी हे वाढवून सांगतेय असं ज्यांना वाटतं त्यांनी तो वास घेतलेला नाही. एकदा त्यांच्या हातचा एक लाडू गॅलरीतून निसटला आणि खाली उभ्या असलेल्या गाडीच्या टपावर पडला. टपाला खळगा पडला, लाडवाला साधा तडा नाही. आणि तोच लाडू गाडीच्या मालकाने रागारागात तोंडात टाकला, तर तोंडात विरघळला. वर येऊन भांडायचं ते राहिलंच, त्याने दिवाळीसाठी दोन किलोची ऑर्डर देऊन ठेवली.

तर अशा बाईचे लाडू गेल्या दिवाळीत बसले.

ज्यांनी कधी लाडू केले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. तूप जास्त झालं की गोल वळलेला लाडू ताटात हळूहळू खाली बसतो, पसरतो, आणि सकाळी बघावं तर त्याची भाकरी झालेली असते. सासूबाई तूप मापाने घालत नाहीत, हाताच्या अंदाजाने घालतात. तो अंदाज आयुष्यात पहिल्यांदा चुकला, आणि चुकला तो नेमका ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाच्या डब्यात. त्या बाईंचा फोन आला. आवाज अगदी मऊ. “वहिनी, यंदा वड्या पाठवल्यात वाटतं? छान आहेत हो.”

शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं. ते ‘छान आहेत हो’ सासूबाईंच्या जिव्हारी लागलं. त्यांनी परात घासली, पुसली, स्टुलावर चढून माळ्यावर टाकली आणि म्हणाल्या, “हात गेला माझा. आता माझ्याच्याने लाडू व्हायचा नाही.”

त्या दिवसापासून त्या गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या. बसल्या म्हणजे बसल्याच. कबुतरांना वाटलं नवीन कुंडी आणली. कोणाला टोमणा नाही, कोणाची चौकशी नाही, शेजारच्या सुनेच्या कुरडया काळ्या पडल्या त्यावर एक शब्द नाही. मी घाबरले. मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. त्या गपचूप जेवल्या आणि “बरी झालीय” म्हणाल्या. मीठ न घातलेल्या आमटीला ‘बरी’ म्हणणाऱ्या सासूबाई! मी ओट्याशी उभी राहून रडले. ही बाई अशीच खुर्चीत विरून जाणार, आमच्या डोळ्यांसमोर. काहीही करून तिला परातीपुढे आणायचं, एवढं एकच मला दिसत होतं.

डिसेंबरात नणंदेच्या मुलीचा फोन आला. ती ठाण्यात कोलशेतला एका उंच टॉवरमध्ये राहते. इतक्या उंच, की खाली पाऊस पडतोय का हे तिला वॉचमनला फोन करून विचारावं लागतं.

“मामी, नाताळला आमच्या सोसायटीत पार्टी आहे. रम बॉल्स करून देशील? एकदम सोप्पं असतं, नो-बेक! बिस्किटं चुरायची, त्यात कोको, अक्रोड, कंडेन्स्ड मिल्क आणि रम. मग नुसते गोळे वळायचे.”

‘वळायचे’ हा शब्द ऐकला आणि मी हो म्हणून टाकलं. माझा कट सरळ होता. ते गोळे मी सासूबाईंच्या डोळ्यांसमोर इतके भयानक वळायचे, की त्यांना खुर्चीत बसवणार नाही.

मी गॅलरीत जाऊन मोठ्याने म्हटलं, “आई, नवीन प्रकारची ऑर्डर आहे. भट्टीत न भाजता करायचे लाडू.”

त्यांनी मान न वळवता विचारलं, “मग लाडू कधीपासून भट्टीत घालायला लागले?” आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसल्या. पण मी खूश होते. महिनाभरानंतर तो पहिला टोमणा होता.

आता प्रश्न रमचा. आमचे हे साठीला टेकलेत. गेली तीस वर्षं ऑफिसच्या प्रत्येक पार्टीत त्यांनी फक्त सोडा घेतलेला आहे, असं त्यांच्या आईला सांगितलेलं आहे. पार्टीवरून घरी येताना तोंडात वेलदोडा, लवंग, बडीशेप आणि वरून मसाला पान, त्यामुळे दारात मुखवासाचं दुकानच चालत आल्यासारखं वाटायचं. मी रम आणायला सांगितली, तर गॅलरीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, “वाइन शॉप? ते असतं तरी कुठे?”

“अहो, चौकात आहे. औषधाच्या दुकानाला लागून.”

“तिथे सगळे ओळखीचे असतात,” हे मात्र हळू आवाजात. आणि हा माणूस रिक्षा करून थेट विठ्ठलवाडीला गेला! दोन तासांनी परत आला तो टोपी, गॉगल आणि मफलर घालून, पिशवीत मेथीची जुडी वर दिसेल अशी ठेवून. डोंबिवलीच्या डिसेंबरात मफलर! शेजारच्या काकांनी ताप आलाय का म्हणून विचारलं.

सासूबाई गॅलरीतून म्हणाल्या, “मेथी खळखळते कशी रे?”

हे जागच्या जागी थिजले. त्या उठल्या, मेथी बाजूला केली आणि बाटली वर काढली. छोटी नव्हे, चांगली पूर्ण बाटली. “थोडीशी आणा सांगितलं होतं,” मी म्हटलं. हे म्हणाले, “लहान नव्हती. म्हणजे, तो दुकानदार म्हणाला लहान नाही. मला काय कळणार त्यातलं!”

मला वाटलं, आता घरात महाभारत होणार. मार्गशीर्ष चालू होता, आमच्याकडे त्या महिन्यात अंडंसुद्धा उंबरठा ओलांडत नाही. पण सासूबाईंनी बूच फिरवलं, बाटली नाकाशी नेली आणि त्यांचा चेहराच बदलला.

“अगं, ही तर काकवी,” त्या म्हणाल्या. “आमच्या गावी गुऱ्हाळात रसाची काहील उतरली की अस्साच वास सुटायचा. जरा जळका, जरा आंबूस. वडील आम्हा पोरींना उसाच्या चिपाडावर काकवी द्यायचे.” मग मुलाकडे वळून, “ह्यात उसाशिवाय आणखी काय असतं रे?”

“मला काय माहीत, आई!”

“तुला कसं माहीत असणार,” त्या म्हणाल्या आणि बाटली घेऊन स्वयंपाकघरात शिरल्या.

मी ठरल्याप्रमाणे बिस्किटं चुरायला घेतली. इतकी वाईट चुरली, की रस्त्याच्या कंत्राटदाराने नेली असती.

“हे पीठ आहे का खडी? सरक. आणि ती परात काढ माळ्यावरची.”

मी स्टुलावर कशी चढले ते मला आठवत नाही. बहुतेक उडालेच.

पुढे जे झालं ते आमच्या घरच्या एका रीतीमुळे झालं. सासूबाई रांधताना चव घेत नाहीत. देवाला दाखवायच्या आधी पदार्थ उष्टा करायचा नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. मीठ, गूळ, तिखट, सगळं वासावर. आमटीला उकळी आली की वाफ हुंगून त्या सांगतात, चिंच कमी आहे. आजवर एकदाही चुकल्या नाहीत. शिवाय बिस्किटाचा चुरा कच्चा कसा वापरायचा, म्हणून त्यांनी तो आधी तुपावर परतला. भट्टी नको म्हणजे कढई नको असं थोडंच आहे. त्या गरम चुऱ्यावर त्यांनी रमची धार धरली. भपकन वास आला आणि निघून गेला.

“उडाला,” सासूबाई म्हणाल्या. आणखी धार. पुन्हा भपका, पुन्हा गायब. “हिचा वास टिकत कसा नाही? घाल आणखी.” मी घातली. आमचं स्वयंपाकघर म्हणजे जेमतेम दोन बायका मावतील एवढं. एक्झॉस्ट पंख्यातून तो वारा बाहेर गेला आणि वळचणीची कबुतरं एकमेकांच्या अंगावर कलंडली. भिंतीवरची पाल चार पावलं चालली, थांबली, आपण कुठे निघालो होतो ते आठवू लागली. शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या आणि दारात उभ्या राहून त्यांनी आपल्या लग्नातली सगळी भांडणं क्रमवार सांगितली. जाताना साखर न्यायला विसरल्या.

मिश्रण निवलं आणि सासूबाई वळायला बसल्या. पहिला लाडू एका बाजूला चपटा झाला. त्यांनी तो मोडला, पुन्हा वळला. पुन्हा चपटा. मी श्वास रोखून धरला होता, तसा त्या घरात श्वास न घेणंच बरं होतं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले आणि बोटांना त्यांचं त्यांचं काम करू दिलं. लाडू गोल झाला. असा गोल की ताटात ठेवला तर घरंगळत जाऊन कडेला आपटला. मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येकावर एकेक बेदाणा टोचायलासुद्धा विसरल्या नाहीत. सवयीप्रमाणे एक लाडू घेऊन देवघरापर्यंत गेल्या, दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, “हा तुझ्यासाठी नाही. नुसता बघ.”

आणि मग परत येऊन त्यांची नजर बाटलीवर गेली. बाटली अर्ध्याच्या खाली.

“एवढी पडली?” त्या हळूच म्हणाल्या. “उडाली किती आणि राहिली किती? वासावरून मला काही कळेना.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी एक लाडू खाल्ला. खोकल्याचं औषध चॉकलेटमध्ये पडल्यासारखं लागलं. “छान आहे, आई.”

“छान!” त्या एकदम ओरडल्या. “छान म्हणू नकोस मला. कमी का जास्त ते सांग. जास्त असली तर पोरीच्या दारात लोक पडतील, कमी असली तर म्हणतील म्हातारीने बिस्किटाचे लाडू पाठवले. कोण सांगणार मला? ह्या घरात ही चव कळणारं कोण आहे?”

घरात ती चव कळणारा एकच माणूस होता आणि तो बैठकीत कालचं वर्तमानपत्र वाचत होता. सासूबाई ताट घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

“खा आणि सांग.”

“आई, मला त्यातलं काय कळणार? मी आपला सोडा…”

“नाही कळत?”

“अजिबात नाही.”

“मग राहू दे,” सासूबाई म्हणाल्या. चिडल्या नाहीत, तेच वाईट. “नको पाठवायला. न तपासलेला लाडू मी परत कुणाच्या दारात पाठवणार नाही. एकदा हसू झालं तेवढं पुरे.” ताट तिथेच ठेवून त्या वळल्या आणि खुर्चीकडे चालू लागल्या. गॅलरीतल्या त्या खुर्चीकडे.

मी ह्यांच्याकडे बघितलं. सगळं बायकोपण डोळ्यांत आणून बघितलं. तीस वर्षांचा सोडा ह्यांच्या चेहऱ्यावर फसफसत होता.

“थांब, आई,” हे म्हणाले. लाडू उचलला. अर्धा तोंडात घेतला, डोळे मिटले, जीभ टाळूला लावली, नाकाने हळू श्वास सोडला. आणि मग ह्या गरीब, सोडा पिणाऱ्या माणसाच्या तोंडून जे निघालं ते ऐकून मीच खाली बसले.

“बरोबर आहे. आधी गोड लागतं, मग ती मागून येते, घशाशी ऊब देते. तेवढीच हवी. गरम चुऱ्यावर घातलीस ना? त्यामुळे पहिल्या धारेतली बरीचशी उडाली, निवत आल्यावर घातली ती राहिली. आत्ता थोडी टोचते, पण आजची रात्र घट्ट झाकणाच्या डब्यात मुरू दे, उद्या मऊ होईल. पुढच्या घाण्याला कोको चमचाभर कमी घाल. ही जुनी, मुरलेली रम आहे, कोकोखाली दबते.”

सासूबाई अर्ध्या वाटेतून मागे फिरल्या.

“सोडा पितोस ना तू?” सासूबाई म्हणाल्या.

“सोडाही असतो त्यात.”

मला वाटलं, आता. पण सासूबाईंनी उरलेला अर्धा लाडू त्याच्यापुढे धरला आणि विचारलं, “आणि गोडाला? गोडाला कसा आहे?” मग त्याला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं, पाटावर बसवलं आणि दुसरा घाणा घेतला. दर मुठीला एक घास ह्यांच्या तोंडात. “आता?” “अजून अर्धा चमचा, आई.” “आता?” “आता थांब.” जेवणाच्या वेळेपर्यंत हे लाल झाले होते आणि लहानपणी गुऱ्हाळात मामाने उसाच्या चरकापाशी कसं धरून ठेवलं होतं ते सांगत होते. सासूबाई हसत होत्या. मायलेकांना इतकं बोलताना मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. बडीशेपेचा विषय त्यांनी मध्येच काढला. “मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं,” म्हणाल्या. “कुठला माणूस सोडा पिऊन लवंग खातो?”

दुसऱ्या दिवशी भाची गाडी घेऊन आली आणि डबे घेऊन गेली. पार्टीनंतर सकाळीच तिचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. ती सांगत होती, की पार्किंगवरून तीन वर्षं एकमेकांची तोंडं न पाहणारे दोन विंगचे सेक्रेटरी काल गळ्यात गळे घालून उभे होते, की बाविसाव्या मजल्यावरच्या एका बाईंनी लाडवाचा डबाच उचलून लिफ्टचं दार लावून घेतलं. सासूबाईंनी तिला मध्येच तोडलं.

“ते राहू दे. लाडू गोल राहिले का?”

“हो गं आजी, अगदी गोल! शेवटचा पण.”

“हां,” सासूबाई म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात देऊन निघून गेल्या. मी आत जाऊन बघते तर ओट्यावर तिळाचा डबा उघडा. संक्रांतीला अजून अवकाश होता. त्या पदर खोचून सुपात तीळ निवडत होत्या. मी आमटीची फोडणी टाकली तर तिकडे न बघताच म्हणाल्या, “मोहरी जळाली.”

मग बैठकीच्या दिशेने हाक मारली. “अरे, तिळगुळात काय जाईल रे?”

वर्तमानपत्र जागचं हललं नाही. वर्तमानपत्रामागे तीस वर्षांची सवय शेवटचं झुंजत होती.

“ब्रँडी, आई,” वर्तमानपत्र म्हणालं. “पण थोडी.”

“थोडी म्हणजे किती? असं तिकडून ओरडू नकोस, इकडे येऊन दाखव.”

आणि हे उठले, चष्मा कपाळावर सरकवला आणि हात धुवायला मोरीकडे गेले.