पोच मागणारे मगदूम सर

मगदूम सरांशी फोनवर बोलताना मध्ये मध्ये ‘हूं’ म्हणावं लागे. नाही म्हटलं, तर ते तेच वाक्य पुन्हा म्हणत. आवाज न चढवता, न रागावता, जणू पहिल्यांदाच सांगतायत अशा थाटात. “उद्या जर्नलं तपासून आन.” मी गप्प. “उद्या जर्नलं तपासून आन.” एकदा माझा फोन कणकेच्या परातीत पडला. तो काढून, पुसून कानाला लावेपर्यंत पलीकडं तेच वाक्य चालू होतं. फक्त दर वेळी मधलं थांबणं वाढत गेलेलं. शेवटी मी ‘हूं’ म्हटलं तेव्हा म्हणाले, “आता कसं! पोच मिळाल्याबिगर फुडं जायचं न्हाई. कळलं?” मी घाईघाईनं आणखी एक ‘हूं’ देऊन टाकला.

भूपाल मगदूम सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर नेटवर्क शिकवत. मी मेढ्याहून तिथं शिकायला आले, त्यांची विद्यार्थिनी झाले, आणि पुढं त्याच डिपार्टमेंटमध्ये नोकरीला लागून त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले. सरांचं सांगलीजवळच्या खेड्यातलं जैन शेतकरी घराणं. दिवस मावळायच्या आत जेवण, आणि पाणी रुमालातून गाळल्याशिवाय ओठाला लावायचे नाहीत. इंग्रजी पुस्तकातलं सगळं आपल्या बोलीत सांगत आणि मुलांना नावाऐवजी गावानं हाक मारत. वर्गात एक जत होता, दोन तासगाव होते. मी अर्थातच ‘ए मेढा’. पुढं सहकारी झाल्यावर मान म्हणून ‘मेढा मॅडम’ झाले.

पोचेचं हे वेड केवळ फोनपुरतं नव्हतं. निरोप पाठवणाऱ्यानं पोच आल्याशिवाय पुढचा निरोप धाडू नये, हा नेटवर्कमधला नियम सरांनी संसारालाही लावला होता. मगदूम काकू सांगायच्या, “मला बघाय आल्ते तवा मी लाजून गप्प बसलेली. तर ह्यांनी एकच प्रश्न परत परत इचारला. शेवटी कटाळून व्हय म्हनलं.” वर्गात शेवटच्या बाकावरच्या शेवटच्या मुलानं मान हलवल्याशिवाय सर खडू पुढं सरकवत नसत. तो मुलगा बहुधा झोपलेला असे. त्यामुळं आमचा अभ्यासक्रम कधीच पुरा झाला नाही. बिनतारी नेटवर्कचं, म्हणजे मोबाईलचं प्रकरण पुस्तकात सगळ्यात शेवटी होतं आणि तिथवर आमची एकही तुकडी पोचली नाही.

मी एकदा धीर करून विचारलं, “सर, मोबाईल तर फिरत असतो. एका टॉवरवरून दुसऱ्यावर जातो. त्याला हे नियम कसे चालणार?”

“त्यात काय हाय? फिरत्या मानसाचा पत्ता बदलतोय, एवढाच घोळ. तू हितं आलीस, तरी तुज्या नावचं पत्र मेढ्यालाच जानार. तुजं वडील ते फुडं धाडत्यात न्हवं? तसंच. तार कळली की हवा कळली. हवा म्हंजे तारंची धाकटी भन!”

या धाकट्या बहिणीनं पुढं सरांना जतच्या माळावर गाठलं.

जतच्या दुष्काळी भागात उन्हाळ्यात पाण्याचे टँकर फिरतात. टँकर खरोखर वस्तीवर जातो, की वाटेत कुणाच्या द्राक्षबागेत रिकामा होतो, हे कळावं म्हणून टँकरमध्ये बसवायची एक डबी करायचं काम आमच्या डिपार्टमेंटकडं आलं. डबीत सिमकार्ड. टँकर कुठं आहे ते ती मोबाईलच्या नेटवर्कवरून कळवणार, आणि पाणीपुरवठा बघणाऱ्या साहेबांच्या कॉम्प्युटरवर, नकाशात, ठिपका उमटणार. डबीचा प्रोग्रॅम सरांनी स्वतः लिहिला. अर्थातच आपल्या नियमानं. डबीनं एक ठिपका पाठवायचा आणि पोचेची वाट बघायची. पोच आली की डबीवर हिरवा दिवा लागायचा. पोच नाही आली तर तोच ठिपका पुन्हा, पण आधीच्या दुप्पट थांबून. मग त्याच्या दुप्पट. कामाच्या कागदात सरांनी अभिमानानं एक वाक्यही घातलं: टँकरचा मार्ग नकाशावर सलग दिसल्यासच खेप झाली असे समजावे. साहेबांना ते वाक्य फार आवडलं.

सांगलीच्या रस्त्यांवर डबी झकास चालली. सरांनी ती गाडीत ठेवून मिरजेपर्यंत फेऱ्या मारल्या, एक ठिपका चुकला नाही. मग ती जतला गेली, आणि कर्नाटकच्या सीमेलगतच्या एका धनगर वस्तीचा टँकर नकाशावर वस्तीपर्यंत पोचेचना. रोज पाणी भरायच्या ठिकाणीच उभा. साहेबांचा फोन आला: टँकर जातच नसेल तर द्यायचा कशाला? पुढच्या बैठकीत या वस्तीची खेप बंद करू. त्या वस्तीला दुसरं पाणी नव्हतं. विहीर कधीच आटली होती.

सर ठाम होते. “डबी लबाड बोलत न्हाई. डायवर कुटंतरी मुक्काम टाकत आसनार. चल, रंगेहाथ पकडू.”

कॉलेजची जीप घेऊन आम्ही गेलो. वस्ती एका खोलगट जागी. खोपटांपुढं बाया घागरी मांडून उन्हात बसलेल्या, मेंढरं जिभा काढून त्यांच्याच सावलीला घुसत होती. आणि वरच्या टेकावर, सगळ्यांना दिसेल असा, पाण्यानं भरलेला टँकर निवांत उभा होता. सरांचा चेहरा उजळला. “बगितलंस? धरला का न्हाई?” आम्ही धापा टाकत वर चढलो. सिद्धाप्पा ड्रायव्हर टँकरच्या सावलीत पाय पसरून बसला होता.

“का रं, हितं का थांबलाईस?” सरांनी दरडावलं.

“पोच घ्यायलोय सर.”

“काय घेतोयस?”

“पोच. कचेरीतनं बोंब आली न्हवं, टँकर दिसंना म्हनून. खाली रेंज न्हाई. हितं वर हाय. म्हनून आदी हितं थांबायचं, डबीचा हिरवा दिवा लागला की पोच आली म्हनायचं, मग गाडी खाली न्यायची. आता बायकास्नी बी म्हाईत हाय. टेकालाच पोचंचा टेक म्हनत्यात.”

“दिवा किती येळानं लागतोय?”

“त्येचा काय नेम? कवा भाकरी खाऊस्तवर, कवा एक झोप हुस्तवर.”

सरांनी लॅपटॉप उघडून डबीला जोडला. मी शेजारून बघत होते. टेकावर एका बाजूनं आपला टॉवर लागे, दुसऱ्या बाजूनं कर्नाटकातला. डबी कधी इकडं उडी मारी, कधी तिकडं. माझ्या फोनवरही कर्नाटकात स्वागत असल्याचे निरोप येत होते. दर उडीला डबीचा पत्ता बदले, चालू असलेलं बोलणं तुटे, आणि डबी इमानदारीनं पहिल्यापासून सुरुवात करी: सकाळी भरायच्या ठिकाणचा ठिपका, पोच नाही, थांबा, तोच ठिपका, पोच नाही, दुप्पट थांबा. त्या माळावर काळं कुत्रं नव्हतं आणि आमची डबी, पुढं गर्दी असावी असं समजून, अदबीनं वाट देत बसली होती. टँकर वस्तीच्या डोक्यावर उभा, आणि नकाशात अजून सकाळच होती.

तेवढ्यात एक म्हातारी चढ चढून वर आली. वस्तीवर सगळे तिला बाळव्वा म्हणत. कमरेवर हात ठेवून तिनं डबीकडं पाहिलं, मग सरांकडं. “यप्पा, दिवा लागला का न्हाई अजून? ल्हान पोरं रडाय लागल्यात.”

सरांनी लॅपटॉप मिटला. मग सिद्धाप्पाला म्हणाले, “गाडी खाली घे.”

“आन दिवा?”

“दिवा घाल चुलीत! गाडी खाली घे म्हनतो न्हवं!”

पोच न घेता पुढं जाण्याचा सरांच्या आयुष्यातला तो पहिला प्रसंग असावा. टँकर खाली गेला, घागरी भरल्या. बाळव्वानं सरांना तांब्या दिला, त्यांनी खिशातून रुमाल काढून पाणी गाळायला सुरुवात केली, तशा बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सर एका लिंबाखाली बसले. त्यांचा आवाज असा उतरलेला मी कधी ऐकला नव्हता.

“मेढा, तारंत पोच आली न्हाई म्हंजे फुडं गर्दी झालीया. आपन थांबावं, दुसऱ्याला वाट द्यावी. हवेत पोच आली न्हाई म्हंजे निरोप गळला. नुसता गळला. तितं थांबायचं न्हाई, लगी दुसरा धाडायचा. पुस्तकात हाय की हे. शेवटच्या प्रकरनात.” जरा वेळानं स्वतःशीच म्हणाले, “शिकवलं ते बरूबरच शिकवलं. पर तारंचं.”

तिथंच बसून त्यांनी प्रोग्रॅम बदलला. आता डबी पोचेसाठी थांबणार नव्हती. ठिपका पाठवायचा आणि पुढं व्हायचं. फक्त प्रत्येक निरोपासोबत मागचे थोडे ठिपकेही बांधून द्यायचे, म्हणजे एखादा गळला तरी पुढच्याबरोबर जाईल. आणि पत्त्यावर भरवसा न ठेवता डबीनं दर वेळी आपली खूण सांगायची, मग टॉवर कुठलाही असो. दिव्याची तारच त्यांनी काढून टाकली. वस्तीवर रेंज नव्हतीच, पण परतताना टेक ओलांडला की वस्तीवरचा ठिपकाही मागच्या गाठोड्यातून जाणार होता.

बैठकीत साहेबांनी नकाशा भिंतीवर लावला. रेघ ठिकठिकाणी तुटलेली, गोधडीच्या टाक्यांसारखी. सरांना ते बघवत नव्हतं हे मला कळत होतं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

“मधले ठिपके कुठं गेले, सर?”

“हवेत गेलं.”

“मग टँकर वस्तीवर गेला कशावरून?”

“वस्तीवरचा ठिपका हाय न्हवं? तितं काय टँकर उडून गेला?”

साहेब हसले. सज्जन माणूस, पण कागदाचा भक्त. त्यांनी आमचाच कागद काढला आणि ते वाक्य वाचून दाखवलं: मार्ग सलग दिसल्यासच खेप झाली असे समजावे. “हे तुमचंच आहे ना? मी नियमाबाहेर कसा जाऊ? ही खेप बंद करावी लागेल.”

सर उठले. आयुष्यभर मुलांच्या पेपरातल्या चुकांवर लाल रेघा ओढलेला हात त्यांनी साहेबांपुढं केला. “पेन द्या. माजंच हाय, आन चुकलंय. टँकरला पानी न्यायला सांगितलं आपन, आन मी त्येला पोचा गोळा कराय लावलं.” त्यांनी वाक्य खोडलं, शेजारी सही केली. “मी सोता बगितलंय, बायकांनी घागरी भरल्यात. खेप बंद करू नका.” मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला. खेप चालू राहिली.

नवीन तत्त्वाचा उत्साह त्यांना वर्गातही आवरला नाही. त्या वर्षी कुणाच्या मानेकडं न बघता सर धाडधाड शिकवत गेले. अभ्यासक्रम पहिल्यांदाच पुरा झाला, मोबाईलच्या प्रकरणासह, आणि डिपार्टमेंटचा निकाल कधी नव्हे एवढा खाली आला. पुढच्या वर्षी सर मुकाट्यानं शेवटच्या बाकावरच्या मुलाची मान बघू लागले. “पोरं तारंचीच बरी,” एवढंच म्हणाले.

ते निवृत्त झाले आणि त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात अचानक गेले. दुपारी जेवून पेपर वाचत बसले होते, तसेच. काकूंनी मला बोलावून घेतलं. ज्यांना कळवायचं त्यांना मी कळवत गेले. सिद्धाप्पालाही एक ओळ पाठवली. ती पोचल्याची खूण काही उमटली नाही. फोन लावला तर संपर्काबाहेर. माणसांच्या गर्दीत मग ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत मोठा आवाज झाला. बाहेर आले तर दाराशी पाण्याचा टँकर. माझी ओळ सिद्धाप्पाला टेकावर रेंज आल्यावर मिळाली होती, आणि सकाळची खेप वस्तीवर रिकामी करून तो तसाच सांगलीला आला होता. पुढं सिद्धाप्पाशेजारी बाळव्वा आणि आणखी दोघी दाटीवाटीनं बसलेल्या. बाळव्वा आत आली, काकूंच्या गळ्यात पडली, रडली. डोळे पुसताना तिचं लक्ष भिंतीकडं गेलं. मागं पुरात कृष्णा घरात शिरली होती तेव्हाची पाण्याची रेघ अजून तिथं होती, तिच्या डोक्याच्याही वर. तिनं हात उंचावून रेघेला लावायचा प्रयत्न केला. “एवढं पानी? ह्येंच्या घरात?”

तेवढ्यात माझा फोन वाजला. साहेब होते, चांगलेच तापलेले. “मॅडम, टँकर सांगलीत काय करतोय? सकाळपासून बघतोय मी. जतपासून सांगलीपर्यंत अख्खी रेघ आहे, एक ठिपका गळलेला नाही. संध्याकाळची खेप कुणी करायची?”

मी सांगितलं, “साहेब, मगदूम सर गेले. वस्तीवरची माणसं आलीत.”

पलीकडून काहीच येईना. फोन तुटला असं समजून मी ठेवणार, एवढ्यात साहेबांचा आवाज आला, एकदम खाली उतरलेला.

“संध्याकाळी मी दुसरा टँकर पाठवतो वस्तीवर. त्यांना घाई करू नका म्हणावं.”