चुलीपुढची बैठक

धुळ्याचे आमचे हाडांचे डॉक्टर कुठल्याही प्रश्नाला आधी चष्मा पुसतात, मग उत्तर देतात. माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, मांडीचं हाड मोडलं. आतली सळई खुब्याकडून घालावी की गुडघ्याकडून? कशात यश किती, मी टक्के विचारले.

चष्मा पुसून ते म्हणाले, "हाड दोन्हींनी जुळतं. दुखणं राहिलं तर सळई शिरली त्या बाजूला राहतं." मग अक्काकडे वळले. "काम काय करता?"

"लगीनमा चूलवर पुरणना मांडा करस."

डॉक्टर वॉर्डातल्या फरशीवर मांडी घालून बसले. "अशा बसता?"

"आसं नही भाऊ, उजवा गुडघा उभा ऱ्हास!"

त्यांनी गुडघा उभा केला आणि जरा वेळ तसेच बसून पाहिलं.

"मग खुब्याकडून घालू. खुबा दुखू शकतो."

"दुखू द्या. चुलीपुढे बसता येई ना?"

"बहुतेक."

मी आणखी एखाद्या शब्दाची वाट पाहत राहिलो. अक्का म्हणाली, "मंग टाका."