पळीवर बसलेली बाई

आमच्या एम.ए.च्या वर्गातले आम्ही कुठेही भेटलो, साकोलीच्या बसस्टँडवरसुद्धा, की कॉलेजच्या ग्रंथालयाचाच विषय निघतो. एकाचा किस्सा संपेपर्यंत दुसऱ्याला नवा आठवतो, आणि राग अजून तेवढाच येतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. समीक्षेची सगळी पुस्तकं काचेच्या कपाटात, कुलूपबंद. नदीपलीकडच्या कारध्याहून पूल ओलांडून येणारी आमची कांता एकदा ग्रंथपालांकडे गेली आणि त्यातलं एक पुस्तक मागितलं.

"कायले पाहिजे?"

"कविता समजून घ्याची आहे."

"मंग कविता वाच ना."

दुसऱ्या दिवशी तिने कवितासंग्रह मागितला. ग्रंथपाल म्हणाले, "एम.ए.ले आली अन् अजून कविताच वाचून राहिली?"

पुढे फार विनवण्या केल्यावर पुस्तक मिळालं, पण तिथेच बसून वाचायचं. कांता टिपणं काढायला लागली, तर ग्रंथपालांनी तिचं पेनच उचलून घेतलं. "सारंच उतरवून नेलं तं पुस्तकात काय राहीन?"

हे ते गंमत म्हणून बोलले नव्हते.

आमच्याच भागातल्या एका कवीवरचं एकमेव चांगलं पुस्तक मात्र कपाटातही नव्हतं. ते कित्येक वर्षं विभागप्रमुख सरांच्या घरी होतं. कांता आणि मी मागायला गेलो. सरांनी दारातूनच सांगितलं, "पुस्तक माझ्याकडे सुरक्षित आहे. ग्रंथालयात असतं, तर तुम्ही लोकांनी वाचून खराब केलं असतं."

त्याच कवीची एक कविता आम्हाला अभ्यासाला होती. पाठ्यपुस्तकात ओळ छापली होती, 'पळीवर बसून राहिली'. सरांनी त्या ओळीवर सबंध तास घेतला. पळी आचमनाची, तिच्यावर बसलेली ती श्रद्धा.

कांताने विचारलं, "सर, पळीवर बाई बसन कशी?"

"प्रतीक आहे. बसते."

कांता ऐकणारी नव्हती. ग्रंथालयातल्या माळ्यावर रद्दीसारखे टाकलेले गठ्ठे तिने आठवडाभर उपसले. अखेर मूळ संग्रह सापडला. त्यात स्वच्छ छापलं होतं, 'पाळीवर'. पाळ म्हणजे तलावाचा बांध. पाठ्यपुस्तकात एक काना गळला होता, एवढंच. धुळीने माखलेले हात घेऊन ती सरांकडे धावली.

सरांनी पान पाहिलं आणि पुस्तक मिटलं. "ही जुनी आवृत्ती. कवीने नंतर सुधारणा केलेली दिसते."

चाचणीत कांताने पाळच लिहिली. सरांनी अख्ख्या उत्तरावर लाल रेघ ओढली.

त्याच हिवाळ्यात ते कवी आमच्या वाङ्मय मंडळाचे पाहुणे म्हणून आले. सरच शेजारी बसले होते. प्रश्न विचारायला सांगितल्यावर कांता उभी राहिली. "सर, ते बाई पळीवर बसली होती का पाळीवर?"

म्हाताऱ्या कवींना आधी प्रश्नच कळेना. मग ते हळू आवाजात म्हणाले, "पाळीवर, बेटा. आमच्या गावच्या तलावाच्या. माही माय होती ते. लहाना भाऊ तलावात बुडाला, तवापासून रोज तिथं जाऊन बसे."

कांताने डोळे पुसले आणि खाली बसली.

आभार मानायला सर उठले. घसा साफ करून म्हणाले, "कवीला स्वतःच्या कवितेचा अर्थ कळलेला असतोच, असं नाही."